एडवर्डला ऐकू येत नाही, आम्हाला तरी येऊ द्या
‘मिडनाइट सन’वरची अ‍ॅनिमेशन मालिका लिहिणाऱ्यांना खुले पत्र

लेखक मंडळी,
स. न. वि. वि.

‘ट्वायलाइट’ ही बेला नावाची साधी मुलगी आणि एडवर्ड हा व्हॅम्पायर यांची प्रेमकथा. तीच गोष्ट एडवर्डच्या बाजूने सांगणारे स्टेफनी मेयर यांचे ‘मिडनाइट सन’ २०२० मध्ये आले, आणि त्यावर नेटफ्लिक्ससाठी अ‍ॅनिमेशन मालिका होणार असे २०२४ मध्ये जाहीर झाले. एव्हाना तुमच्याकडे सल्ल्यांचा ढीग साचला असेल. उन्हात चमकणारे व्हॅम्पायर काढून टाका, सुळे दाखवा, रक्त वाढवा. माझे त्यातले काही मागणे नाही. चमकतात तर चमकू द्या. स्टोकरचा ड्रॅक्युलासुद्धा दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर हिंडतो, तेव्हा नियमांचे एवढे मनावर घ्यायला नको. माझी तक्रार या गोष्टीतल्या माणसांबद्दल आहे. जिवंत आणि मेलेल्या, दोन्ही.

मी ठाण्यात एक खासगी वाचनालय चालवते. २००९ च्या आसपास ‘ट्वायलाइट’ची चार जाडजूड पुस्तके आमच्या कपाटात कधी दिसायचीच नाहीत. एकीने परत केली की दारातच दुसरी उभी. नववीतल्या मुली होत्या, तशाच बँकेतून परस्पर येणाऱ्या बायकाही होत्या. त्यांना हसणारे पुष्कळ होते, आणि त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलेले नव्हते. मी त्यांच्यातली नाही. मेयरबाईंना ओढ लिहिता येते. जीवशास्त्राचा वर्ग, चित्रफीत दाखवायला केलेला अंधार, एका बाकावर दोघे, मधे वीतभर अंतर आणि कुणी कुणाला शिवत नाही. तो प्रसंग आज वाचला तरी ताण जाणवतो. ओढ शंभर नंबरी आहे. फक्त ती ज्या दोघांत आहे ते दोघे पुढे पुढे विरत जातात.

पहिल्या प्रकरणातली बेला मला फार आवडते. आई रेने प्रेमळ, पण वेंधळी. तिने आता फिलशी लग्न केले आहे. तो खालच्या फळीतला बेसबॉल खेळाडू, सतत गावोगाव. आईला त्याच्याबरोबर जाता यावे म्हणून ही सतरा वर्षांची पोर फीनिक्सचे ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या पावसाळी गावी वडिलांकडे येते. निघताना तिच्या मनात काय येते? आता फिल आहे, म्हणजे बिले भरली जातील, फ्रिजमध्ये खायला असेल, गाडीत पेट्रोल असेल, आई रस्ता चुकली तर फोन करायला कुणी असेल. या चार ओळींत तिचे अख्खे बालपण आले. ही मुलगी आईची आई होऊन वाढलेली आहे. वडिलांकडे आल्यावरही लगेच स्वयंपाकघर ताब्यात घेते, कारण पोलिसप्रमुख चार्ली स्वॉन यांची मजल अंडी तळण्यापलीकडे जात नाही.

आता या मुलीला असा मुलगा भेटतो, जो तिला उचलून नेतो, जेवलीस का म्हणून विचारतो, तिला गाडी चालवू देत नाही, रात्री खोलीत बसून तिला झोपलेली बघतो. सगळ्यांचे करत आलेल्या पोरीला कुणी आपलेही करावेसे वाटणे, याहून खरे प्रेमाचे कारण मला माहीत नाही. आणि अशाच मुलीला कधीतरी उमगते की काळजी घेता घेता आपल्याला कोंडलेही जाते आहे. कादंबरी तिथे होती. बाईंनी धागा स्वतः काढला, दोन बोटांत धरला आणि सोडून दिला.

मग बेलाला हवे तरी काय असते? एडवर्ड. त्यानंतर एडवर्डसारखे होणे. कॉलेजचे अर्जसुद्धा तो मागे लागतो म्हणून भरायचे. ती वाचणारी मुलगी आहे असे आपल्याला सांगितले जाते. ती ऑस्टिन उघडते, तर नायकाचे नाव निघते एडवर्ड, म्हणून मिटते. दुसरी कादंबरी उघडते, तिथे एडमंड, तीही चिडून मिटते. विनोद म्हणून मला हा प्रसंग आवडतो. पण चार पुस्तके झाली तरी तिच्या वाचनातून तिचे स्वतःचे असे एकही मत निघत नाही, तेव्हा विनोद आपल्यावरच झाला की काय असे वाटायला लागते.

दुसऱ्या पुस्तकात एडवर्ड तिला सोडून जातो आणि पुढे चार पानांवर फक्त महिन्यांची नावे येतात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरे. हे पाहून आमच्या काही सभासदांनी पुस्तक छापताना चुकले म्हणून परत आणले होते. युक्ती म्हणून ती जबरदस्तच आहे, मी नाकारत नाही. पण दुःखात माणूस कोरा होत नाही, उलट नको तितका भरतो. शाळेत जात होती, वडिलांचे जेवण करत होती, रात्री किंचाळून उठत होती, हे आपल्याला नंतर कळते. मग ते महिने तिने कसे ढकलले? तो गेल्यावर तिच्यात लिहिण्यासारखे काही उरत नाही, हे लेखिकेनेच कोऱ्या पानांनी कबूल केल्यासारखे होते.

मेयरबाईंना जमतच नाही असे कुणी म्हणेल तर मी त्याला पहिल्या पुस्तकातली एक जागा दाखवीन. एडवर्ड दिवसभर बेलाला प्रश्न विचारतो. आवडता रंग, आवडते पुस्तक, आवडते रत्न. रत्न ती पुष्कराज सांगते, कारण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांचा रंग तसा असतो. झाले, पुन्हा एडवर्ड! बाकीचे बहुतेक प्रश्न एकेका वाक्यात गुंडाळलेले. पण मग तो तिच्या घराबद्दल विचारतो आणि ती अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाचे वर्णन करू लागते. क्रिओसोट झुडपाचा कडवट, राळेसारखा तरीही हवासा वास, जुलैतल्या रातकिड्यांची चिरकी किरकिर, विरळ पिसांसारखी झाडे, खुले आभाळ. त्या उजाडपणात सौंदर्य कुठे आहे ते त्याला पटवताना ती हात हलवून बोलते. त्या पानावर एक मुलगी आहे. तिला डोळे आहेत, नाक आहे, हट्ट आहे. एवढे लिहू शकणाऱ्या बाईला उरलेल्या हजारो परिच्छेदांत ते का करावेसे वाटले नाही, हे मला अजून उलगडलेले नाही.

उलगडा कदाचित मन वाचण्याच्या त्या देणगीत असेल. एडवर्डला सगळ्यांची मने ऐकू येतात, एकट्या बेलाचे येत नाही. त्याला ती गूढ वाटते ती एवढ्यापुरतीच. चौथ्या पुस्तकात तर हेच न ऐकू येणे तिची ढाल होते आणि ती सगळ्या कुटुंबाला वाचवते. म्हणजे आत काय आहे ते कुणालाच न कळणे हा नायिकेचा सर्वांत मोठा गुण ठरला.

हीच युक्ती शार्लेन हॅरिस यांनी २००१ मध्ये उलटी लावली होती. लुइझियानातल्या एका बारमध्ये पेले उचलणारी सूकी स्टॅकहाउस. मने तिला वाचता येतात, आणि आयुष्यभर लोकांचे घाणेरडे विचार ऐकून ती कावलेली आहे. पहिल्यांदा व्हॅम्पायर समोर बसतो आणि त्याच्या मनातून काहीच ऐकू येत नाही, तेव्हा तिला विश्रांती मिळते. ती त्याच्या प्रेमात का पडली हे वाचकाला लगेच पटते. तिला कामाच्या पाळ्या सांभाळायच्या असतात, पैशांची विवंचना असते, घरी आजी असते. आणि त्या आजीला व्हॅम्पायर भेटल्याचा आनंद कशाचा, तर हा अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला गृहस्थ आपल्या इतिहासप्रेमी मंडळात भाषण देईल याचा! दीडशे वर्षे जगलेला माणूस गावात आला तर पहिली वर्गणी कोण मागेल, हे त्या लेखिकेला ठाऊक होते.

एडवर्डकडे या. जन्म १९०१, शिकागो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई-वडील गेले, तोही जाणार होता, डॉक्टर कार्लाइल यांनी त्याला व्हॅम्पायर केले. त्या वयात त्याला सैन्यात जाण्याची घाई झाली होती. पुढे काही वर्षे तो कार्लाइलना सोडून गेला, मने ऐकून खुनी माणसे हुडकली आणि त्यांचे रक्त प्यायला. मग परत आला. किती ऐवज आहे हा! एक मुलगा ज्या युद्धात मरायला उत्सुक होता ते युद्ध त्याच्याविना संपले, आणि मग त्याने स्वतःलाच न्यायाधीश नेमले. पण पहिल्या चार पुस्तकांत हा काळ पान-दोन पानांत उरकलेला. बाकी सगळ्या वर्षांचा उपयोग पियानो, महागड्या गाड्या, रिवाजाप्रमाणे मागणी घालणे आणि आईची अंगठी एवढ्यापुरता. मंदी, दुसरे महायुद्ध, वर्णभेदाविरुद्धची चळवळ यांतले काहीही त्याला शिवून गेलेले दिसत नाही. दशकानुदशके तो शाळेत जातो. पुन्हा पुन्हा सतरा वर्षांच्या पोरांत बसून या माणसाचे काय होत असेल? वैताग सोडून तो काही सांगत नाही.

तिसऱ्या पुस्तकात बेलाने जेकबकडे, म्हणजे लांडगा होऊ शकणाऱ्या तिच्या मित्राकडे, जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो, आणि तिला अडकवून ठेवायला बहिणीला पिवळी पोर्श लाच म्हणून देतो. यावर अनेकांनी पुष्कळ लिहिले, ते योग्यच आहे. मी एवढेच म्हणते की १९०१ मध्ये जन्मलेल्या मुलाने असे वागणे मला अजिबात खोटे वाटत नाही. बायकांची काळजी म्हणजे त्यांच्यावर पहारा, हे त्याच्या बापाच्या घरातून आलेले असणार. पण पुस्तकाने ते तसे पाहायला हवे होते. पुस्तकाला ते प्रेमच वाटते.

आमच्याकडे भुतांचीसुद्धा चौकशी याहून कसून होते. मुंजा पिंपळावर का बसतो हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही माहीत असते: मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी गेला. समंध असो, हडळ असो, प्रत्येकाचे काहीतरी राहून गेलेले असते, आणि काय राहिले ते कळल्याशिवाय उतारा ठरत नाही. एडवर्डच्या कलन कुटुंबातल्या सातही जणांना बाईंनी मरणाच्या गोष्टी दिल्या. कुणाला अस्वलाने फाडले, कुणी कड्यावरून उडी टाकली. ज्याचे काही राहून गेले आहे आणि आजही बोचते आहे, असे खणखणीत पात्र मात्र मला एकच दिसते. ती एडवर्डची बहीण रोझली.

१९३३, न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर. होणारा नवरा आणि त्याचे दारुडे मित्र तिच्यावर भर रस्त्यात अत्याचार करून तिला मरायला टाकतात. तिला मूल हवे होते. मैत्रिणीच्या बाळाचा तिला हेवा वाटला होता. शेजारी म्हातारा झालेला नवरा एमेट, भोवती नातवंडे, हे तिला आजही हवे आहे आणि कधीच मिळणार नाही. म्हणून बेला माणूसपण फेकायला निघते तेव्हा ती विरोध करते. सबंध पुस्तकमालिकेत बेलाशी खरे भांडण होऊ शकेल असे हेच एक पात्र. त्याला मिळाले किती? तिसऱ्या पुस्तकातले एक प्रकरण. आणि ‘मिडनाइट सन’मध्ये एडवर्ड तिच्या मनाला डबके म्हणून मोकळा होतो.

इथे तुम्हाला संधी आहे. सत्तर वर्षे ज्या बहिणीचे मन ऐकले तिचे दुःख ज्याला डबके वाटते, तो ऐकण्यात कच्चा आहे. विचार ऐकू येणे आणि माणूस कळणे यांतली फट दाखवा. ‘मिडनाइट सन’मध्ये त्याच्या कानांवर पडणारी वर्गातली मने बघा: जेसिका हेवेखोर, माइक उतावळा, अँजेला चांगली. एकेका मनाला एकेक विशेषण. शाळेतल्या पोरांची मने इतकी नीटनेटकी असतात? अँजेलाचे उपकार फेडायला तो काय करतो, तर तिला आवडणाऱ्या बेनने तिला विचारावे म्हणून एमेटला घेऊन छोटे नाटक वठवतो. बिचारीला त्या दिवशी दुसरेही काही हवे असेल! हा सगळा मजकूर एडवर्डचा अहंकार म्हणून दाखवलात तर एकदम जिवंत होईल. पडद्यावर दोन्ही दाखवता येते, त्याला काय ऐकू आले तेही आणि समोरच्या चेहऱ्यावर काय आहे तेही. पुस्तकाला हे अवघड होते, तुम्हाला नाही.

कलनांपैकी इतरांच्या देणग्यांचेही तेच. अ‍ॅलिसला भविष्य दिसते, जॅस्पर इतरांच्या भावना बदलतो, आणि त्यापुढे त्यांना स्वभावाची गरजच उरत नाही. जॅस्पर गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैन्यातला मेजर होता. याचे त्याला आज काय वाटते, हे त्या घरात कुणी त्याला विचारतच नाही.

२०१५ मध्ये मेयरबाईंनी पहिल्या पुस्तकातल्या जवळपास सगळ्या पात्रांचे लिंग बदलून ‘लाइफ अँड डेथ’ लिहिले. बेलाचा झाला बो, एडवर्डची एडिथ. नायिका दुबळी नाही, व्हॅम्पायरांपुढे कुठलाही माणूस दुबळाच ठरेल, हे त्यांना दाखवायचे होते. शेवट त्यांनी बदलला, पण तिथपर्यंत गोष्ट जवळजवळ तशीच चालते, यातून मला वेगळेच दिसले. अमेरिकेतल्या छोट्या गावातला सतरा वर्षांचा मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्याला किती वेगळी वर्षे येतात. तरी कुठे फारसे अडत नाही, इतकी ती पात्रे मुळात हलकी आहेत. अडते ते आई-वडिलांपाशी. चार्ली आणि रेने यांना त्यांनी बदलले नाही, कारण त्या काळी मुलाचा ताबा बापाकडे जाणे फार दुर्मीळ होते. म्हणजे कोर्ट, साल, रिवाज यांनी बांधलेली माणसे ही दोनच. म्हणूनच असेल, चार्ली सगळ्यांच्या लक्षात राहतो. मुलीच्या ट्रकच्या चाकांना न सांगता बर्फासाठीच्या साखळ्या बांधून ठेवणारा, बोलायला संकोचणारा बाप. पुढे जेकबने जबरदस्तीने मुके घेतल्याचे कळल्यावर हाच बाप त्याला शाबासकी देतो. पोलिसप्रमुख! तिथे मी पुस्तक मिटून चहा करायला उठले होते.

जेकबबद्दल थोडे. तो क्विल्यूट, आणि ही खरी जमात आहे, ला पुश हे खरे गाव. त्यांची राखीव जमीन चौरस मैलभर, समुद्राला लागून, त्सुनामीच्या टापूत. घरे उंचावर नेता यावीत म्हणून २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदा करावा लागला. लांडग्यांपासून आपण माणसे झालो, अशी त्यांची स्वतःची कथा आहे. पुस्तकांनी तिच्यातले लांडगे उचलले आणि त्यांना तापलेली अंगे दिली. तुमच्या गोष्टीत जेकब अजून लांडगा झालेला नाही. तो पंधरा वर्षांचा आहे, जुनी फोक्सवॅगन जोडतो आहे, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून कुरकुरतो आहे. तेवढाच ठेवा त्याला, आणि त्याच्या वडिलांच्या ओट्यावर कुणी चार माणसे येऊन बसलेली दिसू द्या.

शेवटच्या पुस्तकावर फार लिहीत नाही. नवा व्हॅम्पायर वर्षभर रक्तासाठी वेडा होतो असे आपल्याला तीन पुस्तके सांगितले. बेलाला ते पहिल्याच दिवशी आवरते. आई-वडील कायमचे सुटणार होते. चार्लीला थोडे कळते, तो फार विचारत नाही, सगळे मिटते. जेकबचे दुःख तर तिच्या नवजात मुलीवर त्याचा जीव जडवून निकालात काढले. हे वाचताना आमच्या एक सभासद आजी म्हणाल्या, “हिच्या पदरचं काही गेलंच नाही की गं.” समीक्षकांनी लिहिलेले मी बरेच वाचले आहे, इतके नेमके कुणी लिहिले नाही.

तर मागणे असे. तुमच्याकडे जे पुस्तक आहे त्यात गोष्ट एडवर्डच्या डोक्यातून दिसते, त्यामुळे बेला आणखी धूसर होण्याची भीती आहे. प्रश्नोत्तरांचा तो दिवस घ्या आणि त्याला अख्खा भाग द्या. उत्तरे एका वाक्यात गुंडाळू नका. पुष्कराज गाळा. तिला वाळवंटाबद्दल बोलू द्या, आईच्या विसरलेल्या बिलांबद्दल, फिल तिला आवडतो की नाही याबद्दल बोलू द्या. एडवर्डला तिच्याविषयी दोन-तीन अंदाज करू द्या आणि ते साफ चुकू द्या. एखाद्या प्रश्नाला तिला “नाही सांगणार” म्हणू द्या. आणि मग तिनेच त्याला विचारू द्या, की ज्या माणसांना तू मारलेस त्यांच्या मनात शेवटी काय होते, ते तू ऐकले असशीलच ना?

कळावे,
आपली,
ठाण्यातली एक वाचनालयवाली